दिवाडी ते नार्वे: एका इतिहास मंडळाच्या अभ्याससहलीचे परीक्षण

गोव्यातील वारसास्थळे दाखवणाऱ्या एकदिवसीय सहली आता बऱ्याच संस्था काढतात. त्यांपैकी बहुतेकींत एका दिवसात सात-आठ ठिकाणे उरकली जातात आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला कोणत्या देवळाचा खांब कोणता हेदेखील आठवत नाही. एका स्थानिक इतिहास मंडळाने काढलेली जी सहल मी नुकतीच केली, ती या रीतीला अपवाद होती. काही उणिवा असूनही ती मला मनापासून आवडली. एका दैवताचा माग काढत मांडवी नदी दोनदा ओलांडायची, एवढाच तिचा विषय होता. ते दैवत म्हणजे गोव्याच्या कदंब राजघराण्याचा कुलदेव सप्तकोटेश्वर. सकाळी जुने गोवे, मग फेरीबोटीने दिवाडी बेट, तिथून दुसऱ्या फेरीबोटीने डिचोली तालुक्यातील नार्वे आणि अखेरीस हरवळ्याची लेणी असा मार्ग आखलेला होता. यांतील शेवटचे ठिकाण सोडले तर बाकीचा क्रम इतका विचारपूर्वक लावला होता की तो उलटा लावून चालला नसता.

पणजीच्या बसस्थानकावरून बस ठरल्या वेळी निघाली. जुन्या गोव्यात पोहोचल्यावर बॉम जेझुसच्या बासिलिकाकडे किंवा से कॅथेड्रलकडे न वळता आम्हाला थेट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संग्रहालयात नेण्यात आले. यावर एक-दोघांनी नाराजी दाखवली. मला मात्र हा निर्णय योग्य वाटला. ती दोन्ही चर्चे १९८६ पासून जागतिक वारसायादीत आहेत, ती पाहायला कोणीही स्वतंत्रपणे जाऊ शकतो, आणि या सहलीच्या विषयाशी त्यांचा संबंध दूरचा होता. संत फ्रान्सिसच्या मठात असलेल्या या संग्रहालयात बहुतेक लोक वरच्या मजल्यावरील पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हिसेरेई (राजप्रतिनिधी) यांची तैलचित्रे पाहून परततात. मंडळाने आपला सारा वेळ खालच्या दालनातील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा आणि पोर्तुगीजपूर्व काळातील देवमूर्ती यांसाठी राखून ठेवला होता.

मंडळाचे मार्गदर्शक माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते आणि सगळे त्यांना ‘सर’ म्हणत होते. त्यांनी वीरगळ खालून वर कसा वाचायचा ते एकाच शिळेसमोर उभे राहून दाखवले. सर्वांत खाली युद्ध आणि मरण, मधल्या पट्टीत अप्सरांनी वीराला स्वर्गात नेणे, सर्वांत वर शिवलिंगापुढे बसलेला वीर आणि माथ्यावर सूर्यचंद्र. एवढे समजल्यावर पुढच्या शिळेपाशी लोक आपण होऊन बोलू लागले. शिकवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटली, कारण सरांनी दहा शिळांची माहिती सांगण्याऐवजी एका शिळेचे वाचन शिकवले आणि उरलेल्या शिळा आमच्यावर सोपवल्या. कदंबांच्या सुवर्णनाण्यांवर सिंहाची आकृती आणि सप्तकोटेश्वराच्या कृपेने वर लाभल्याचा उल्लेख असलेली अक्षरे असत, हेही त्यांनी इथेच सांगितले. आपल्या बिरुदात दैवताचे नाव अभिमानाने मिरवणारे हे राजघराणे आणि समोरच्या या शिळा एकाच काळातल्या आहेत, एवढे मनात पक्के करूनच आम्ही बाहेर पडलो.

धक्क्याकडे जाणारा रस्ता व्हिसेरेईच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याच्या कारकिर्दीत, १५९९ मध्ये ही कमान उभी राहिली. तिच्या नदीकडील बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे आणि शहराकडील बाजूला संत कॅथरीनची मूर्ती आहे. अफोन्सो द आल्बुकेर्कने शहर जिंकले तो १५१० सालचा २५ नोव्हेंबर हा संत कॅथरीनचा सणदिवस होता, हे समजल्यावर त्या मूर्तीचे तिथे असणे उलगडते. नवा अधिकारी लिस्बनहून आला की याच कमानीतून शहरात शिरत असे. आम्ही उलट्या दिशेने, शहरातून नदीकडे चाललो होतो. या उलट्या वाटेने सोळाव्या शतकात कोण कोण गेले असतील, हा प्रश्न सरांनी इथे विचारला आणि उत्तर न देता ते फेरीबोटीकडे निघाले. दिवसभराच्या बोलण्यातील ही सर्वांत नेमकी जागा होती.

दिवाडीला उतरल्यावर बस खाजनातून जाते. दोन्ही बाजूंना भातशेती, मध्ये मातीचे बांध, भरतीचे खारे पाणी अडवणारी आणि ओहोटीला आतले पाणी सोडणारी मानशी, कडेला खारफुटी. बांधावर बस थांबवून जी दहा मिनिटे दिली गेली ती वरवर अनावश्यक वाटू शकतील, परंतु पुढची कथा त्यांच्यावाचून कळत नाही. बहमनी फौजांनी चौदाव्या शतकात सप्तकोटेश्वराचे देऊळ मोडल्यावर लिंग शेताच्या बांधात पुरून ठेवले होते, अशी परंपरा आहे. पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा जिंकला आणि उखडलेल्या सप्तनाथादी (सप्तनाथ म्हणजे सप्तकोटेश्वर) देवांची पुन्हा स्थापना केली. या पुनःस्थापनेचा उल्लेख त्या काळच्या लेखांतच येतो. बांधात लिंग लपवल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. दर पावसाळ्याआधी नव्याने चिखल थापून जाड होत जाणारा तो बांध समोर पाहिल्यावर लपवण्याची जागा किती विचाराने निवडली असेल, याची कल्पना येते. इतिहासाची सहल प्रत्यक्ष जागेवर का न्यावी, याचे यापेक्षा चांगले समर्थन मला देता येणार नाही.

बेटावरील जुन्या देवस्थानाच्या परिसरात आज पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. कोटीतीर्थ म्हणून ओळखली जाणारी पायऱ्यांची पुष्करणी आणि तिच्या भिंतीतील कोनाडे एवढेच डोळ्यांना दिसते. मंडळाने हे आधीच स्पष्टपणे सांगितले होते, त्यामुळे कोणाची निराशा झाली नाही. इथे सरांनी सांगितलेल्या गोष्टी दोन भागांत विभागल्या आणि दिवसभर तीच शिस्त पाळण्याचे ठरवले. तिसवाडीतील, म्हणजे जुने गोवे आणि दिवाडी ज्यात येतात त्या तालुक्यातील, देवळे पाडण्याची मोहीम १५४० मध्ये सुरू झाली, हे त्यांनी लेखी पुराव्यावर आधारलेले म्हणून सांगितले. पाडलेल्या देवळातील लिंग पुढे एका विहिरीच्या काठी लावले गेले आणि तिथून भाविकांनी ते रात्री गुपचूप नदीपार नेले, हे त्यांनी परंपरेने चालत आलेले म्हणून सांगितले. साखळीहून आलेल्या एका बाईंनी विचारले, “सर, मग लिंग नेलं ते नेमकं कोणत्या वर्षी?” त्यावर त्यांचे उत्तर होते, “बाई, वर्षाचा आकडा दिला की लोक तोच पाठ करतात. देवळं पाडल्यानंतर आणि शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ बांधायला घेण्याआधी, एवढंच आपण धरून चालू या.” आपल्याकडे इतिहासावर बोलणारे लोक श्रोत्यांना खूश करण्यासाठी तारखा वाटत सुटतात. त्या पार्श्वभूमीवर हा संयम मला आदरणीय वाटला.

दिवाडीवरील पिएदादच्या टेकडीवरून मांडवीचे पात्र, पलीकडे जुन्या गोव्याची शिखरे आणि खाली खाजनांचा हिरवा पट्टा दिसतो. चर्चला लागून असलेल्या दफनभूमीत एक छोटे कपेल (प्रार्थनास्थळ) आहे. त्याचे छत आणि खिडकीची दगडी जाळी कदंबकालीन देवळाची समजली जाते. दफनभूमी ही लोकांच्या दुःखाची जागा आहे, तिथे छायाचित्रे काढू नयेत आणि मोठ्याने बोलू नये, अशी सूचना मंडळाने आत जाण्यापूर्वी दिली आणि ती सगळ्यांनी पाळली. याचे श्रेय मंडळाला द्यायलाच हवे. या टेकडीवरील गणपती पुढे खांडोळ्याला गेला, अशी तेथील महागणपतीच्या भाविकांची श्रद्धा आहे. तिचा उल्लेख इथे ओझरता झाला. तो आणखी विस्ताराने व्हायला हवा होता, कारण या एका बेटावरून दोन दैवते दोन दिशांना गेली हे सांगितल्याने सहलीच्या विषयाला अधिक खोली आली असती.

दिवाडीच्या भागात मला एक उणीव तीव्रतेने जाणवली. बेटावर राहणाऱ्या कोणालाही बोलण्यासाठी बोलावले नव्हते. चर्चच्या आवारात भेटलेल्या एका वयस्क ख्रिस्ती गृहस्थांनी आपण होऊन सांगितलेल्या गोष्टी, विशेषतः त्यांच्या घराण्यात बांधांची राखण कशी चालत असे ती हकीकत, अत्यंत ऐकण्याजोग्या होत्या. परंतु आयोजकांना पुढची फेरीबोट गाठायची असल्यामुळे ते बोलणे मध्येच तोडावे लागले. ज्या गावाचा इतिहास आपण पाहायला जातो, त्या गावातील माणसाला अर्धा तास देता येत नसेल, तर वेळापत्रक बदलले पाहिजे. मांडवीच्या दोन्ही तीरांवरील कुटुंबांत ही स्मृती वेगवेगळ्या रूपांत जिवंत आहे. त्यातील एकच रूप ऐकून परतणे अभ्याससहलीला शोभत नाही.

नार्वे हा या सहलीचा गाभा होता आणि मंडळाने त्याला सर्वाधिक वेळ दिला. दिवाडीहून फेरीबोट ज्या तीरावर लागते, तो सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्याबाहेर होता. डिचोलीचा हा मुलूख त्यांच्याकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीचा (पोर्तुगिजांनी नंतर मिळवलेल्या मुलुखाचा) भाग म्हणून आला. नदीचे पात्र अरुंद आहे, फेरीबोटीला काही मिनिटेच लागतात. एवढ्याशा पाण्याच्या एका बाजूला देऊळ पाडले जात होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच देवाची पूजा चालू राहू शकत होती, हे नकाशावर बोट ठेवून कळत नाही. पलीकडचा तीर समोर दिसत असताना, फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहिल्यावरच ते कळते.

देवळाच्या दारावरील शिलालेख सर्वांना शांतपणे वाचता यावा म्हणून आम्हाला लहान गटांत नेण्यात आले. ‘श्रीसप्तकोटीश शके १५९० कीलकाब्दे कार्तिक कृष्ण पंचम्यां सोमे श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः’ ही ती ओळ; श्रीशिवरायांनी देवालयाचे काम सुरू केले, असा तिचा अर्थ. शके १५९० मधील ही कार्तिक वद्य पंचमी म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. या तारखेभोवतीचा राजकीय संदर्भ सरांनी ज्या रीतीने उभा केला, तो सहलीचा उच्चबिंदू ठरला. १६६७ च्या नोव्हेंबरात महाराजांनी पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशावर स्वारी केली आणि डिसेंबरात पोर्तुगिजांशी तह झाला. त्यानंतर वर्षभराच्या आत, तिसवाडीच्या अगदी समोरच्या तीरावर, पोर्तुगिजांनी जमीनदोस्त केलेल्या देवाच्या मंदिराचे काम सुरू झाले. फौजेने जे त्या क्षणी साधले नव्हते, ते एका देवळाने सांगितले असे मला वाटते. हे माझे मत आहे. सरांनी ते इतक्या ठामपणे मांडले नाही. त्यांनी घटना क्रमाने ठेवल्या आणि अर्थ आमच्यावर सोपवला.

वास्तूकडे पाहायला शिकवण्याचे कामही इथे उत्तम झाले. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, चुन्याचा गिलावा, उतरती कौलारू छपरे, वर घुमट आणि समोर दीपस्तंभ या साऱ्यांतून गोव्यातील देवळांचे पुढे रूढ झालेले रूप कसे आकार घेत गेले, हे एकेका भागाकडे बोट दाखवून सांगण्यात आले. घाटावरच्या काळ्या पाषाणातील देवळांची सवय असलेल्या माणसाला ही वास्तू साधी वाटेल. ती साधीच आहे. तिच्यात पुढे भर पडली, तीही लपवण्यात आली नाही. गाभाऱ्यातील लिंग गुळगुळीत गोल नसून त्यावर उभ्या धारा आहेत, त्यामुळे ते धारालिंग म्हणून ओळखले जाते. राज्य सरकारच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याने केलेल्या जीर्णोद्धारानंतर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हे देऊळ पुन्हा लोकार्पण झाले. जीर्णोद्धारापूर्वीचे ओलसर, शेवाळलेले आवार ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आताची भक्कम छपरे आणि मोकळे अंगण पाहून समाधान वाटेल. माझ्या दृष्टीने, आवारातील फरसबंदी आणखी संयमाने झाली असती तर भोवतालच्या कुळागरांशी (नारळ-सुपारीच्या बागांशी) ती अधिक मिळून गेली असती. तरीही पावसाच्या माऱ्यापासून वास्तू वाचली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

पूजा चालू असताना गाभाऱ्यासमोर व्याख्यान देणे मंडळाने टाळले. भटजींची परवानगी घेऊन, आरती संपल्यावरच माहिती सांगण्यात आली. मात्र सभामंडप लहान आणि माणसे बरीच, त्यामुळे मागे उभ्या असलेल्यांना अर्धे ऐकू आले नाही. देवळात ध्वनिवर्धक लावणे उचित नाही हे मान्य. पण मग मोठ्या समूहाला एकाच वेळी आत नेऊ नये. शिलालेखापाशी केलेले गट इथेही चालले असते.

दुपारचे जेवण देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत) होते. साधे, गरम आणि पोटभर. डाळीचे वरण, खतखते, सोलकढी आणि शेवटी मणगणे. जेवणाविषयी तक्रार नाही, त्यानंतर गेलेल्या वेळेविषयी आहे. पंगती दोन झाल्या, मग कार्यकारिणीच्या सदस्यांचे सत्कार झाले, त्यानंतर पुढील वर्षीच्या उपक्रमांची माहिती झाली. हे सगळे महिन्याच्या सभेत होण्यासारखे होते. त्याची किंमत हरवळ्याला मोजावी लागली.

डिचोलीमार्गे साखळीजवळच्या हरवळ्याला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. चिऱ्याच्या कातळात कोरलेली ही लेणी साधारणपणे सहाव्या-सातव्या शतकातील मानली जातात. आतील लिंगपीठे, एका लिंगाच्या दंडावरील ब्राह्मी अक्षरांतील संस्कृत लेख आणि मुळात ही लेणी बौद्ध की शैव याविषयी अभ्यासकांत चाललेला वाद यांना किमान दीड तास लागतो. आमच्या वाट्याला त्याचा छोटा भाग आला. लेण्यांच्या आत इतका अंधार होता की लेख दाखवताना मोबाईलचा प्रकाश पुरेना, आणि काही जण रुद्रेश्वराचे दर्शन व धबधबा पाहण्यासाठी आधीच पांगले. त्याहून खटकली ती दुसरी गोष्ट. इथे सरांऐवजी मंडळाचे दुसरे सदस्य बोलले आणि पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरल्याची लोककथा त्यांनी इतिहासाच्या सुरात सांगितली. ती कथा सांगू नये असे मी म्हणत नाही. गावाने शेकडो वर्षे जपलेली कथा ऐकण्यासारखीच असते. परंतु सकाळी कोटीतीर्थाकाठी पुरावा आणि परंपरा यांच्यात जी रेघ ओढली होती, ती संध्याकाळी पुसली गेली. बरोबर आलेली शाळकरी मुले कोणती गोष्ट लक्षात ठेवतील हे सांगता येत नाही, म्हणून बोलणाऱ्या प्रत्येकाला ही शिस्त बंधनकारक असायला हवी. हरवळे या सहलीतून वगळावे आणि खांडेपारच्या लेण्यांबरोबर त्याचा स्वतंत्र दिवस करावा, अशी लेखी सूचना मी मंडळाला दिली आहे. कदंबकाळात कोरलेली खांडेपारची लेणी आणि ही आधीच्या काळातली लेणी एकाच दिवशी पाहिली, तर चिऱ्याच्या दगडात कोरण्याची रीत काही शतकांत कशी बदलली हे नजरेसमोर येईल. तो विषय स्वतंत्र सहलीच्या तोलाचा आहे.

सहलीसोबत दिलेली टिपणपुस्तिका चांगल्या हेतूने केलेली आहे, पण तिच्यावर आणखी काम व्हायला हवे. नार्व्याच्या शिलालेखाचा पाठ तिच्यात अचूक छापला आहे, ही मोठी जमेची बाजू. मात्र छायाचित्रे इतकी काळी आली आहेत की वीरगळाच्या पट्ट्या ओळखता येत नाहीत. शिवाय पुस्तिकेत नकाशा नाही. नदी दोनदा ओलांडणाऱ्या सहलीच्या पुस्तिकेत मांडवीचा, दिवाडीचा आणि दोन्ही फेरीधक्क्यांचा हाताने काढलेला साधा नकाशा तरी असायलाच हवा होता.

बसभाडे, जेवण आणि पुस्तिका यांचा समावेश असलेले शुल्क रास्त होते. अशा सहलीत मिळणाऱ्या मार्गदर्शनाच्या मानाने मी ते कमीच म्हणेन. ज्येष्ठ नागरिकांनी नोंदणी करताना पिएदादची चढण आणि कोटीतीर्थाच्या निसरड्या पायऱ्या ध्यानात घ्याव्यात. बस टेकडीवर चर्चपर्यंत जाते, परंतु पुष्करणीपाशी आधाराला कठडा नाही, आणि मंडळाने याची पूर्वकल्पना दिलेली नव्हती. दिवाडीत स्वच्छतागृहाची सोय धक्क्याजवळ होऊ शकली नाही, म्हणून जुन्या गोव्यातून निघण्यापूर्वीच ती सोय पाहावी. देवळात आणि दफनभूमीत जायचे असल्याने पेहराव त्याला साजेसा असावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानासाठी मोठी गर्दी होते, त्या दिवशी अभ्यासासाठी येऊ नये, श्रद्धेने यावे. आणि नोंदणी करताना मार्गदर्शक कोण आहेत हे आवर्जून विचारावे. हेच सर असतील तर हरवळ्याचा भाग आटोपता झाला तरी बाकीचा दिवस सत्कारणी लागेल.